हात गरम करून ये

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी राग आला की मी अजून तुमच्याशीच भांडतो. आजही भांडायचंच आहे. इथे श्रूजबरीजवळच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या सर्जरीचं माझं ट्रेनिंग जूनमध्ये संपतंय आणि मला त्यातली धड नोकरी मिळत नाही. अमेरिकेत, सर! मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलांत मोजकेच सर्जन असतात, ते काही जागा सोडत नाहीत. बाकी गावांत मुलांचे हर्निया मोठ्यांचेच सर्जन उरकून टाकतात. एका ठिकाणी घ्यायला तयार होते, पण पगार ऐकून बायको पोळी तव्यावर तशीच टाकून खाली बसली. तिथे येणारी मुलं गरिबांची, त्यांचे पैसे सरकार देतं, तेही हात आखडून. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिने विचारलं, "बाबा, इज इट बिकॉज दे आर स्मॉल?" मी नाही म्हणालो.

तुम्ही म्हणायचात, लेकरू बरं झालं की आभार मानत नाही, दूध पितं, तीच आपली फी. फी म्हणे! तुम्हाला सरकारी क्वार्टर होतं, काकूंची शाळेतली नोकरी होती. दुधावर माझं भाडं भागत नाही, सर.

आणि तरी नागपूरच्या वॉर्डातली ती डिसेंबरची सकाळ डोक्यातून जात नाही. महिन्याभराचं पोर, प्यायलेलं सगळं दूध लांब उडवून ओकतंय. त्याच्या पोटात बोराएवढी गाठ लागते का, ते मला बघायचंय. मी घाईघाईने हात लावतो, पोर किंचाळतं, पोट पाटासारखं घट्ट होतं. तुम्ही मागेच उभे आहात. आवाज न चढवता म्हणता, "आता ते पोट तुला काही सांगणार नाही. जा, हात गरम करून ये." नर्सेससमोर मी चहाच्या किटलीला हात लावून उभा, लाजेने अर्धमेला. परत येतो तर तुम्ही पोराला आईच्या पदराखाली पाजायला लावलंय. मी हळूच बोटं ठेवतो आणि गाठ लागते. इतका आनंद मला पुढे कुठल्याच परीक्षेने दिला नाही. इकडे निघताना तुम्ही गरम पाण्याची रबरी पिशवी दिलीत. इथल्या नर्सेस आधी हसल्या, मग मी येण्याआधी त्याच ती भरून ठेवायला लागल्या.

गेल्या महिन्यात मी शॉमबर्गला मुलाखतीला गेलो. मोठ्यांची सर्जरी करणारा ग्रुप, पित्ताशयं, हर्निया, आणि पैसा भरपूर. त्यांचे सीनियर मला राउंडला घेऊन गेले. पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस पोट धरून झोपला होता. मला कळायच्या आत मी बेसिनपाशी जाऊन गरम पाण्याखाली हात धरले होते. सीनियरनी घड्याळ बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "डॉक्टर, यू वोन्ट हॅव टाइम फॉर दॅट हिअर." मीही त्यांच्याबरोबर हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

काल त्यांच्याच कॉन्ट्रॅक्टवर सही केली. बायको रडली, सुटकेनेच असावी. मुलीला स्वतःची खोली मिळणार आहे. सामान बांधताना बायकोने विचारलं, पिशवी कुठल्या खोक्यात घालू? मी म्हणालो, राहू दे, इथल्या नर्सेसना देऊन टाकू.

तुम्ही रागावला नसतात, हे मला माहीत आहे. नुसतं माझ्या हातांकडे बघितलं असतंत. हे पत्र कुठे पाठवणार, खणातच राहील, म्हणून लिहून टाकतो. सही करताना, सर, तुम्ही आता नाही आहात याचं मला हायसं वाटलं.