चौदाचे चार

शनिवार, ७ डिसेंबर

ती. ताई,

नमस्कार घे. आशीर्वाद मात्र पत्र पुरतं वाचून झाल्यावर दे.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझी ठकी उंचीनं माझ्या पुढे गेली. कपाटाचं दार एकदाचं दुरुस्त झालं. सकाळपासून तीनदा चहा केला, तिन्ही वेळा निवला.

शाळेतल्या योजनेबद्दल मागे लिहिलं होतं. सत्रभर वर्गातलं कुणीच तंबाखूला शिवलं नाही, तर अख्ख्या वर्गाला समुद्रावर दोन दिवस सहल. दर शुक्रवारी एकेकानं यंत्रात फुंकायचं, श्वासात धूर किती त्याचा आकडा दिसतो, तो मी तक्त्यात लिहायचा. मुलं यंत्राला पिपाणी म्हणतात. कल्पना माझीच. आमचा वर्ग जिंकला. माझा सत्कारही झाला. फुलं टेबलावर आहेत, टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत.

हे आनंदानं लिहायला हवं होतं, नाही का?

ताई, मागच्या शुक्रवारी ठकीचा आकडा चौदा आला. सहाच्या वर चालत नाही. मी विचारण्याआधीच ती हळूच म्हणाली, "मावशी, सकाळी एक ओढली. लिही."

शाळेत ती मला कटाक्षानं 'बाई' म्हणते. त्या 'मावशी'नं मी विरघळले आणि चार लिहिले. दुसऱ्याच्या पोराचे चौदाच लिहिले असते. आपला तो बाब्या!

तेव्हापासून ती घरीही मला बाईच म्हणते. "बाई, पान वाढलंय."

तिच्यासाठी केलं, असं आठवडाभर घोकतेय. खोटं आहे ते. योजना माझी, वर्ग माझा, आणि धूर माझ्याच घरातून निघाला हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पोर खरं बोलली आणि मी तिला गप्प बसवलं. लाज वाटते गं.

सोमवारी बस निघायची आहे. त्याआधी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगणार आहे. सहल रद्द होईल. अडतीस मुलं बॅगा घेऊन उभी असतील, तिला खाऊ की गिळू करतील. ठकीला विचारलं, "तुझं नाव न घेता सांगू का?"

म्हणाली, "घ्या नाव, बाई. नाहीतर सगळ्यांवर संशय येईल. मी शेजारी उभी राहीन तुमच्या."

सिगारेटबद्दल तिला काय बोलायचं ते बोल. बाकीचं मला बोल.

तू लेक जिच्या हवाली केलीस ती,
तुझी धाकटी