आईच्या जिभेखालचे थेंब

बाबा,

आईला नागीण झाली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात. पाठीपासून डाव्या छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा उठला. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं राहिलं. आतली शीर जळालेली असते म्हणतात, ती लवकर बरी होत नाही, म्हाताऱ्या माणसांची तर कधी कधी होतच नाही. आता आई माझ्याकडे कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये असते. घरात ब्लाउज घालत नाही. कापड टेकलं की निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणते. पदर अंगावर घेऊन, तो दोन बोटांनी छातीपासून उचलून धरून बसते आणि बेल वाजली की आतल्या खोलीत जाते. कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून विहारात पहिल्या रांगेत बसणारी आपली आई. गोळ्या झाल्या, चिकटवायच्या पट्ट्या झाल्या, पाठीत इंजेक्शनं झाली. गोळ्यांनी इतकी गुंगी यायची की एकदा बाथरूममध्ये पडली. मग त्याही कमी केल्या.

ऑफिसातल्या एकीने नारायणगुड्याच्या एका आयुर्वेदिक डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे बाकावर एक बाई फिट येणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी केमो चालू असलेले एक गृहस्थ. त्यांच्या बायकोने आम्हाला न विचारताच सांगितलं, "कल दो इडली खाए. पेट में टिके भी." तिचा चेहरा इतका उजळला होता की आई माझा हात दाबून म्हणाली, "बघ, लागू पडतं वाटतं." कशाचं औषध ते तिला माहीत नव्हतं. मला होतं. मी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, सरळ माणूस. टेबलावर छोटी बाटली ठेवून म्हणाले, भांगेच्या पानांचा अर्क आहे, आमच्या चिठ्ठीवरच मिळतो, जिभेखाली थेंब धरायचे. काहींच्या दुखण्याला उतार पडतो, काहींच्या नाही, आधीपासून वचन देता येत नाही. आईने बाटली हातात घेतली आणि परत ठेवली.

"झाड तो वहीच है ना, डॉक्टरसाब? गांजे का?"

"झाड वहीच है अम्मा. पर ये नशे के वास्ते नै, दरद के वास्ते है."

"उसको बी दरदीच था," आई म्हणाली आणि उठली.

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं होतं ती कुणाबद्दल बोलतेय. तुम्हालाही कळलं असतं.

सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. मी पाटावर बसून पाढे लिहितेय. आई भाकरी थापतेय. तुम्ही वर्कशॉपमधून आलात आणि चुलीमागच्या कोनाड्यात तुम्हाला काकांची चिलीम सापडली. तुम्ही ओरडला नाहीत, तुम्ही कधीच ओरडत नव्हता. काकांना बोलावून शांतपणे म्हणालात, "वस्तीतल्या माणसांना मी दर रविवारी पाचवं शील समजावून सांगतो. दारू सोडा, गांजा सोडा म्हणतो. आणि माझ्याच घरात हे?" काका मालधक्क्यावर पोती उचलायचे. दाराच्या चौकटीला धरून उभे होते. म्हणाले, "दादा, कंबर लई दुखती. ह्याच्यानं रातभर जरा डोळा लागतो." तुम्ही म्हणालात, "दुखण्याला रेल्वेचा दवाखाना आहे." "तिथं पांढऱ्या गोळ्या देतेत, दादा." "मग त्या घे. हे असेल तर या घरात राहू नको." काकांनी चिलीम उचलली नाही. कपड्यांची पिशवी उचलली. आईने मागच्या दाराने भाकरी बांधून दिली, तेवढंच. नंतर ते कुठे नांदेडकडे गेल्याचं कळलं आणि मग काहीच कळलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना रिक्षात मी आईला म्हटलं, "हे औषध आहे आई. यात शील कुठे मोडतं?"

ती म्हणाली, "शिलाचं मला नको सांगू, ते मला समजतं. भावजींना आपण ह्याच्यापायी घराबाहेर काढलं. त्यांना नाही दिलं, तर मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

यावर तुम्ही असता तर काय बोलला असता, याचा मी खूप विचार केला. तुमची बाजू मला माहीत आहे. त्या वस्तीत किती घरं या नादाने बसली ते तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. पण आईला काय सांगायचं ते तरी मला सांगून ठेवायला हवं होतं.

पावसाळा संपता संपता एका दुपारी तिला पंख्याचा वाराही सोसेना. पंखा बंद केला, तर घामाने आग. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, आवाज न करता. मग म्हणाली, "आण जा ते." मी आणलं. तिने जीभ वर केली, लहान मुलासारखी, आणि मी थेंब सोडले.

बाबा, काही दिवस चांगले गेले. तिला झोप लागली. ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी मागून खाल्ली. एका रविवारी सैलसा ब्लाउज घालून विहारात जाऊन आली, आणि मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, त्या इडलीवाल्या बाईसारखी. मग दुखणं पुन्हा डोकं वर काढू लागलं. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. दुखणं दबलं, पण आईचा तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला. एका दुपारी ऑफिसातून लवकर आले तर ती ओट्यापाशी भिंतीला टेकून उभी होती. समोर जेवणाचं ताट वाढलेलं. मला म्हणाली, "भावजींना हाक मार. मागच्या दाराशी बसलेत. आत येत नाहीत." या फ्लॅटला मागचं दार नाही. मी म्हटलं, "जेवून गेले ते." तिने मान डोलावली आणि ताट झाकून ठेवलं.

डॉक्टरांनी मात्रा उतरवली. आता ती शुद्धीत आहे आणि तिला दुखतंय. थोडं वाढवलं की आई हरवते, थोडं कमी केलं की जळते. मधली जागा आम्ही शोधतोय, ती सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, "किसीको लगता मॅडम, किसीको नै लगता." ते पहिल्या दिवशीही हेच म्हणाले होते. त्यांचं काही चुकलेलं नाही. इथे कुणाचंच काही चुकत नाही, आणि माझी आई दोन बोटांनी पदर उचलून बसलेली असते.

हे सगळं तुम्हाला लिहायला बसले तेव्हा वाटत होतं, शेवटी तुम्हाला काहीतरी विचारेन. विचारण्यासारखं काही राहिलेलं नाही. आत्ता तिला डोळा लागलाय. औषधाची वेळ टळून गेली आहे, तिला उठवायला हवं. मी उठवत नाहीये. तिला झोप मिळावी म्हणून, असं कुणी विचारलं तर सांगेन. खरं म्हणजे ती झोपली आहे तोवर मला तिच्याकडे बघावं लागत नाही.