फक्त बघायला

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
डॉक्टरसाहेबांना मेडिकल कौन्सिलचं पत्र. आमच्या हाडांच्या हॉस्पिटलची माणसं अपघातग्रस्तांना गाठून पेशंट पळवतात, अशी तक्रार. माणसं म्हणजे मी एकटाच. साहेबांनी नियम सांगितला : अपघात झालेल्याला आमच्याकडे या, असं म्हणायचं नाही. त्याने आपणहून विचारलं तर चालेल. गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. टार्गेट ठेवलं. महिनाअखेर एक पेशंट, नाहीतर मार्चपासून येऊ नकोस, प्रज्वल.
नियम वहीत उतरवला. दोनदा तपासला. बारावी राहिली असेल, पण नियम पाळण्यात मी कोणाला हार जाणार नाही.

५ फेब्रुवारी
मार्ग सापडला. आजाऱ्याला बघायला जाणं ही आपली रीत आहे. तिला कौन्सिल कशी अडवणार? जायचं, बसायचं, गप्प राहायचं. विचारेपर्यंत.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या आनंदाने अंबरनाथचा पत्ता दिला. नाथाकाका, वय अठ्ठावन्न. बाइकवाला उडवून पळाला. हेल्मेटमुळे तोंड दिसलं नाही. पायाला कच्चं प्लास्टर, ऑपरेशन कुठे ते ठरलेलं नाही. शहाळं घेऊन गेलो. त्यांच्या बायकोने, बकुळाबाईंनी, दारातच विचारलं, कोनाचा रे तू? हॉस्पिटलचं नाव काढलं असतं तर नियम मोडला असता. बघायला आलो, म्हणालो. पंधरा मिनिटं पायाकडे बघत बसलो.
सुरुवात उत्तम.

१० फेब्रुवारी
चौथी भेट. काकांनी विचारलं! पण भलतंच. गाडी कुठली तुझी? गाडी नाही, म्हणालो. त्यांचा मुलगा सुयोग म्हणाला, विकली वाटतं, भाई.
घरचे माझ्यात रस घेऊ लागलेत.

१३ फेब्रुवारी
बकुळाबाई रडल्या. पोरगा चांगल्या घरचा दिसतोस, मनात ठेवू नको, बोलून टाक, म्हणाल्या. हॉस्पिटलचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. मान खाली घातली. त्या सुयोगला म्हणाल्या, बघ, मी बोलली नव्हती?
काय बोलल्या होत्या, कळलं नाही.

१५ फेब्रुवारी
कळलं. शेजारच्या सुंदराबाईंनी जिन्यात अडवलं. नाथाला उडवणारा तूच ना रे मेल्या? मन खातं म्हणून रोज शहाळं आणतोस?
मला सायकलसुद्धा धड येत नाही.
खरं सांगावं तर का येत होतो तेही सांगावं लागेल. म्हणजे पत्रातली तक्रार खरी. साहेबांना फोन केला. आमच्याकडे प्रज्वल नावाचं कोणी नाही, म्हणाले. मग हळूच, पेशंट येतोय ना?
निश्चय : जाणं बंद. कायमचं.

१६ फेब्रुवारी
नाही गेलो तर पळाला म्हणतील. गेलो. दोन शहाळी.

२० फेब्रुवारी
काकांनी जवळ बसवलं. पोलिसांत जाणार नाही, म्हणाले. पोरं चुकतात. सुयोग म्हणाला, पप्पा, दोन मिनिटं सोडा ह्याला माझ्याकडे. काका म्हणाले, गप रे, तू काय कमी गाड्या ठोकल्यास? मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.
माफी मिळाल्यावर इतकं हलकं वाटतं हे माहीत नव्हतं. केलं काहीच नव्हतं, तरी.

२५ फेब्रुवारी. दुपारी १२.२०
काकांनी आपणहून विचारलं! ऑपरेशन कुठं करू रे? साक्षीला बकुळाबाई. नियमाचं काटेकोर पालन. हॉस्पिटलचं पूर्ण नाव, पत्ता, ओपीडीच्या वेळा, सगळं कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. सुयोग म्हणाला, आधी उडवायचं, मग हॉस्पिटल सांगायचं, फुल सर्व्हिस आहे याची. सगळे हसले. मीसुद्धा.
साहेबांना कळवलं : पेशंट नक्की.

२७ फेब्रुवारी
काका कल्याणला अ‍ॅडमिट झाले. ज्याने पाय मोडला त्याने सांगितलेल्या हॉस्पिटलात कोण जाईल, असं बकुळाबाई फोनवर म्हणाल्या. वाईट वाटून घेऊ नको. बघायला ये.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५
सकाळी रिसेप्शनवरची भाविका म्हणाली, साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारपासून येऊ नकोस. मीटिंग कोणाशी, ते मी विचारलं नाही.
दुपारी कल्याणला गेलो. वॉर्डच्या दारात वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं. पुढचा रकाना : पेशंटशी नातं. विचार करत राहिलो. मागे रांग लागली.
'ज्याने उडवलं तो', असं लिहिलं.
वॉचमनने वाचलं, एक शिवी हासडली आणि आत सोडलं.