दिवंगत अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली

३ ऑक्टोबर २००८, शुक्रवार
जर्मनीच्या हिल्डाबाईंचं पत्र. मंदी आहे, जानेवारीपासून पैसे पाठवणं जमणार नाही, फार वाईट वाटतं. वाईट वाटतं म्हणे! दर दिवाळीला मी या बाईला पोस्टाने चकल्या पाठवतो. पोचेपर्यंत चुरा होत असेल, पण भावना? अमेरिकेत कुठलीशी बँक बुडते आणि इंदिरानगरात आमच्या पाळणाघराचं दूध आटतं. जगाची शिसारी आली.
संकल्प : डगमगायचं नाही. हयात नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात गेली (हजेरीच्या टाइम ऑफिसात का होईना). पैसा मला कळतो.

६ ऑक्टोबर
पाळणाघरात जाऊन परिस्थितीची कल्पना दिली. शिक्षिका सरिताने लगेच विचारलं, सर, मग पगाराचं काय? सेवाभाव म्हणून काही उरलेला नाही.
स्वयंपाकाच्या कुसाबाईचं वेगळंच. मुलं सगळी बांधकामावरच्या मजुरांची, पेठ-सुरगाण्याकडची. ही बाईही तिकडचीच. ती म्हणाली, साहेब, मग पोरं परत वाळूवं बसायची का? गेल्या साली एका साइटवर एक पोर पाण्याच्या हौदात गेलं. तेव्हापासून कुठलाही विषय काढा, ती हौदापाशी येते. मी सांगितलं, मी कार्याध्यक्ष असेपर्यंत पाळणाघर बंद होणार नाही. यावर टाळ्या अपेक्षित नव्हत्या, पण निदान पातेलं घासणं तरी थांबवावं.

१२ ऑक्टोबर, रविवार
काटकसरीचा आराखडा तयार. अंडी बंद. केळं अर्धं. सरिताचा पगार तात्पुरता स्थगित. मुलांची खेळणी आहेत तीच, मुलांना नवं-जुनं कळत नाही.
रौप्यमहोत्सवाची स्मरणिका मात्र निघणारच. त्यात हात आखडला तर समाजात काय संदेश जाईल? मला द्यायच्या मानपत्राचा मजकूर मीच लिहितोय. बाहेरच्याला सांगितलं तर तो पैसे घेईल.

५ नोव्हेंबर
स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी चार बिल्डरांकडे गेलो. चौघांनी मंदीचं रडगाणं गायलं. चौघांच्याही केबिनमध्ये एसी चालू होता. वीट आला या लोकांचा.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तोड सापडली! पाळणाघर चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे संस्थापक अध्यक्ष वाल्मीकअण्णा यांनी मंडळाच्या नावे मोठी ठेव ठेवलेली आहे. ती मोडली की दोन वर्षांची चिंता मिटली. इतकं सोपं कुणाला सुचलं नाही, कारण विचार करणारा मी एकटा.
बँकेतला साहेब सौम्य होता. रोजच्या चेकवर मी सही करतो, ते ठीक. पण ठेव मोडायची तर धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीप्रमाणे विश्वस्त कोण, त्याचा उतारा आणा म्हणाला. तुमचं नाव असेलच त्यात. म्हटलं, असेलच काय, वरती असेल.

२४ नोव्हेंबर
धर्मादाय कार्यालय. फाइल सापडत नाही, पुढच्या सोमवारी या. पंख्याखाली बसलेल्या माणसाला उन्हातल्या माणसाची किंमत नसते.

१ डिसेंबर
फाइल सापडली. क्लार्क जेवायला गेला.

८ डिसेंबर, रात्री
उतारा मिळाला. सात नावं. पैकी सहा स्वर्गवासी. सातवे येवल्याचे जयराम मास्तर, ते असतील-नसतील. अध्यक्ष : वाल्मीकअण्णा, जे दोन हजार साली गेले.
माझं नाव नाही.
क्लार्कने विचारलं, गायधनी म्हणजे कोण? सरकारी दप्तराचा गलथानपणा. जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर
आमचा नवा सीए शफी याला बोलावलं. (आधीचे ऑडिटर चहा घेऊन सही करायचे. खानदानी माणूस.) शफी म्हणाला, काका, विश्वस्त बदलले की दर वेळी धर्मादायकडे बदल अर्ज टाकायचा असतो. तुम्ही एकदाही टाकला नाहीत? मी शांतपणे खुलासा केला : अण्णांचं नाव कमी करणं आम्हा कुणाच्याही मनाला पटलं नाही. म्हणून त्यांची खुर्ची रिकामी ठेवतो, तिच्यावर फोटो, शाल, श्रीफळ. आणि प्रत्येक इतिवृत्ताची सुरुवात, ‘माननीय अध्यक्ष वाल्मीकअण्णा यांच्या अध्यक्षतेखाली’. श्रद्धा आहे ही. कायद्याला श्रद्धा कळत नाही.
त्याने रजिस्टर मागितलं. मी ज्या सभेत कार्याध्यक्ष झालो ती सभा वाचली. ती अण्णांची शोकसभा. अण्णांच्या अध्यक्षतेखाली अण्णांना श्रद्धांजली वाहण्यात आली आणि शेवटी अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले, असं मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. शफी चष्मा काढून हसला. आजकालच्या पोरांना गांभीर्य नाही.
मग हसणं थांबवून म्हणाला, काका, आठ वर्षं चेकवर सह्या तुमच्या. कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. मी म्हटलं, पण मी विश्वस्तच नाही ना? तो म्हणाला, तोच तर प्रॉब्लेम आहे. म्हणजे अधिकार नव्हता, जबाबदारी मात्र होती! असला कायदा करणाऱ्याला काय म्हणावं.

१ जानेवारी २००९
संकल्प : चिडायचं नाही.

२ जानेवारी
चिडलो. दूधवाल्याने उधारी बंद केली.

१४ जानेवारी, संक्रांत
कुसाबाईने गावाहून नागलीचं पीठ आणलं आणि परस्पर मुलांना आंबील करून घातली. मी समजावलं, बाहेरची वस्तू स्वीकारायला ठराव लागतो. ती म्हणाली, ठराव व्हस्तोवर पोरं निजतील का उपाशी? सरिता स्थगित पगारावर रोज येतेच आहे. का येते कळत नाही. मला लाजवायला असेल.
आठ मुलं येईनाशी झाली. अर्ध्या केळ्यासाठी कोण येणार, असं सरिता म्हणाली. आयांनी साइटवर नेली असतील. कुसाबाई दिवसभर बोलली नाही, हौदाबद्दलही नाही. ते जास्त त्रासदायक वाटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार
एसटीने येवला. जयराम मास्तर आहेत! चौऱ्याऐंशीचे, ओसरीवर बसलेले, आत पैठणीचा माग चालू. मंडळ अण्णांबरोबरच गेलं असं ते समजून होते, कारण त्यांना एकाही सभेची नोटीस गेली नाही. पोस्टाचा खर्च वाचवला होता, ते कुणी लक्षात घेत नाही. म्हणाले, गायधनी, मी जित्ता हे एवढं कळायला तुम्हाला मंदी यावी लागली.
मी स्मरणिकेचा कच्चा नमुना उघडला. त्यांनी तो बाजूला ठेवून विचारलं, पोरं किती? खायला काय देता? मी मुखपृष्ठाबद्दल सांगू लागलो, तर पुन्हा तेच. वयोमानाने माणूस एकाच मुद्द्यावर अडकतो.
पण काम झालं. मंडळाच्या घटनेप्रमाणे हयात विश्वस्त रिकाम्या जागा भरू शकतो. मास्तर येतो म्हणाले. दाखवीन तिथे सही करतील. परतीच्या एसटीत ‘अध्यक्ष’ या पदासह लेटरहेडचा मजकूर मनात पक्का केला.

२२ फेब्रुवारी, रविवार
सभा झाली. तपशील लिहिण्यासारखा नाही, तरी लिहितो.
मास्तर पुतण्याच्या जीपमधून आले. आधी मुलांची पाटी-चटई, मग स्वयंपाकाचा ओटा बघितला. मग अण्णांच्या फोटोला नमस्कार केला, फोटो उचलून भिंतीला टेकवला आणि खुर्चीवर स्वतः बसले. आठ वर्षांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.
मग नावं. सरिता. शफी (आमचं ऑडिटचं काम सोडण्याच्या अटीवर). कुसाबाई! कुसाबाईने आधी नाय म्हटलं, मला सही करता येती तेवढीच. मास्तर म्हणाले, बाकीच्यांना तेवढीच येत होती. मग आयांपैकी दोघी. माझं नाव यायची वाट बघत होतो, तर चहा आला.
ठेव रीतसर मोडून दूध, अंडी आणि सरिताचा थकलेला पगार. स्मरणिका रद्द. मानपत्र हा विषयच निघाला नाही. मास्तरांचं वय पाहता माझं नाव नजरचुकीने राहिलं असणार. फोन येईल.

९ मार्च
फोन नाही. लाइन चालू आहे का, ते आमच्या सौ. ललिताच्या मोबाइलवरून दोनदा तपासलं.

१६ मार्च
रस्त्याने जाताना सहज (मुद्दाम नव्हे) डोकावलो. ताटलीत अंडं. ती आठ मुलंही परत आलेली. चांगलं आहे. पाया मी घातला, हे विसरू नये म्हणजे झालं.

२७ मार्च, पाडवा
पुरे झालं. किळस आली या कृतघ्नपणाची. दिवसभर बसून राजीनामा लिहिला. तीन पानी. वाचल्यावर सगळ्यांचे डोळे उघडतील आणि माझी मनधरणी सुरू होईल. दोनदा नकार द्यायचा, तिसऱ्यांदा विचार करतो म्हणायचं.

३० मार्च, सोमवार, संध्याकाळ
दुपारी राजीनामा घेऊन गेलो. पहिला परिच्छेद मोठ्याने वाचू लागलो, तर सरिताने तोंडावर बोट ठेवलं. मुलं झोपली होती. मग शफीने कागद घेऊन तिन्ही पानं मनातल्या मनात वाचली. अक्षर सुंदर आहे काका, म्हणाला. आणि परत दिला. हा स्वीकारता येत नाही. राजीनामा द्यायला आधी नेमणूक लागते. आम्ही घेतला, तर तुम्ही पदावर होतात असं कबूल केल्यासारखं होईल. आठ वर्षांच्या चेकबद्दल एक लेखी खुलासा मात्र द्या, धर्मादायवाले मागणार आहेत : आपण कोण, आणि कोणत्या नात्याने इथे होतात.
मनधरणी झाली नाही. कुसाबाईने पाणी दिलं आणि म्हणाली, साहेब, हळू जा, पोरं उठतील.
घरी येऊन ललिताला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, अहो, मग आठ वर्षं रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही जात होता कुठे?
शफीला हवाय तो खुलासाही साधारण हाच आहे. कागद घेऊन बसलोय. अजून काही सुचलेलं नाही.