पाठमोऱ्या माणसाचा गुडघा

३ फेब्रुवारी

वही, रागावू नकोस. मागचं शूटिंग संपल्यापासून तुला हात लावला नाही. कारणं सांगत बसत नाही — आळस, दुसरं काय!

आज तुरुंगात पहिला दिवस. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात सेट उभारलाय. दगडी भिंती प्लायवूडच्या, टेकलं की हलतात. भर दुपारी खिडक्या काळ्या कापडाने झाकून रात्र केली, धूर सोडला, वर निळा दिवा. क्षणभर वाटलं, मी कुठल्या गुन्ह्यासाठी आलेय इथे?

गोष्ट साधी. दोन म्हातारे कैदी, एक उंच भिंत, पलीकडे समुद्र. थोरले आणि धाकटे — सगळं युनिट ह्या दोन हिरोंना असंच म्हणतं — उभा जन्म पडद्यावर एकमेकांना बदडत आले, आता पहिल्यांदाच एका कोठडीत. मेकअपच्या खुर्चीत शेजारी बसून चौकशी चालली होती, "तुझी बीपीची गोळी झाली का रे?"

माझं काम नेहमीचंच, कंटिन्यूइटी. मागच्या शॉटमध्ये कुठलं बटण तुटलं होतं, रक्त कुठल्या भुवईवर होतं. नवऱ्याचंही नेहमीचंच — थोरल्यांचा डुप्लिकेट. धावायचं, पडायचं, मार खायचा ह्याने, चेहरा त्यांचा. लग्नाआधीपासून पडद्यावर मी ह्याला पाठमोराच पाहिलाय.

५ फेब्रुवारी

हा लंगडतोय! घरात दिसलं नाही, मॉनिटरवर दिसलं. बोळातून धावताना डावा पाय किंचित मागे राहतो. थोरले ताठ चालतात, म्हणजे शॉट जुळत नाहीत. ते सांगणं माझं काम. सांगितलं नाही.

गाडीत विचारलं, "गुडघा?"

"सेटची जमीन वाकडी आहे."

"जमीन सपाट आहे."

"मग तुझी नजर वाकडी."

पुढच्या आठवड्यात भिंतीवरची उडी. फाइट मास्तर म्हणतात, "वहिनी, भाऊ म्हणजे मांजर. पायांवरच पडतात!" मला त्याचीच तर धास्ती.

८ फेब्रुवारी

स्वप्न. प्लायवूडच्या भिंतीला बोट लावलं तर खरा दगड, गार. वर हा उभा, पाठमोरा. हाक मारते, वळत नाही. आणि मी खालून त्याच्या शर्टाची बटणं तपासतेय!

गप्प का आहे मी? त्याच्या मानासाठी? की त्याच्या रागाला भिऊन? पहिलं लिहायला बरं वाटतं. दुसरं खरं असावं.

९ फेब्रुवारी

आज थोरले लंगडले.

दिग्दर्शक चक्रावले. "साहेब, हे काय?"

"इतकी वर्षं कोठडीत सडलोय. पाय शाबूत कसा राहील?"

"पण आधीचे सीन?"

"पुन्हा घेऊ. माझं वय बघता लोकांना खरं वाटेल."

टाळ्या पडल्या. माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाले, "आता जुळलं ना, वहिनी?" तोच डावा पाय, तसाच मागे राहणारा. त्यांनी ओळखलं होतं. ह्याला सांभाळून घेत होते.

मी हसून मान डोलावली. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं — सगळं जुळतंय म्हणजे माझं निमित्तही गेलं! आता बोलायचं तर कंटिन्यूइटीवाली म्हणून नाही, बायको म्हणून.

१० फेब्रुवारी

बोलले. मास्तरांना गाठलं. "ह्याला उडी मारू देऊ नका. गुडघा गेलाय."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "भाऊंना माहितीये, तुम्ही सांगताय ते?"

"नाही."

"झालं! आता मला ठाऊक नव्हतं असंही म्हणता यायचं नाही."

संध्याकाळपर्यंत दुसरी डुप्लिकेट ठरली. सर्कशीत झोके घेतलेली बाई. टोप आणि कैद्याचे कपडे चढवले की पाठमोरी हुबेहूब थोरले.

नवरा एवढंच म्हणाला, "नजर ठेवायचा पगार मिळतो तुला. चहाडीचा नाही."

११ फेब्रुवारी

अबोला. ताट वाढलं, जेवला. मीठ मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं. चूक केली का मी? उडी वाचवली, आणि उडी मारणाराच घालवला?

१२ फेब्रुवारी

उडीची तालीम. ती बाई भिंतीवरून अशी उतरली की धूरसुद्धा हलला नाही. पण खाली आल्यावरचं लंगडणं — शी! गल्लीतली पोरं म्हाताऱ्याची नक्कल करतात तसलं. "जुळत नाही," मी सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग फोन घेऊन बाहेर गेले.

१३ फेब्रुवारी

सेटवर पोचले तर निळ्या उजेडात, धुरात, तीन पाठमोऱ्या आकृत्या एकामागून एक लंगडत चाललेल्या. पाण्याखाली चालल्यासारख्या, सावकाश. क्षणभर कोण कोण तेच कळेना. मग पुढच्या आकृतीचा आवाज आला —

"अहो बाई, लंगडणं दाखवायचं नसतं! लपवायचं असतं. लपवता लपवता जेवढं दिसेल, तेवढंच."

हा! ती बाई मध्ये, थोरले मागे, विद्यार्थ्यासारखे.

टोकाला जाऊन हा वळला. मला पाहिलं. "काय बाईसाहेब, जुळतंय का?"

जुळत होतं. नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते, पण जुळत होतं.

१४ फेब्रुवारी

उडी झाली. पॅकअप. कॅमेरा बंद, दिवे बंद, माणसं पांगली. थोरले एकटेच गाडीकडे निघाले — आणि तरीही लंगडत! मी बघतेय हे कळताच ताठ झाले. मग खांदे सोडले.

"कुणाला सांगू नका, वहिनी."

उद्या : हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेणे. दोघांसाठी.