बाबांचं पाइपातलं गाणं

दादा,

बाबांना माझ्याकडे घेऊन जातेय. गोळ्या आणि चष्मा घेतलाय. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

काल नाताळच्या पार्टीत तू सगळी चित्रविचित्र गाणी लावलीस. दाढदुखीने कण्हणारा सांताक्लॉज वाजला, ख्रिसमस ट्री खाणारी शेळी वाजली. तुझे साहेब पोट धरून हसले. फक्त बाबांचं गाणं तू यादीतून काढलंस. तीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने आपण लहान असताना आपल्यासाठी रचून स्वतःच्या आवाजात टेप केलेलं, पाइपात अडकलेल्या सांताक्लॉजचं गाणं. दरवर्षी शेवटी तेच लागायचं आणि बाबा पान्ह्याने पाइपावर ठेका धरायचे. तुझे वडील प्लंबर होते हे साहेबांना कळलं असतं, एवढंच ना?

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मांडीवर पान्हा होता. तुला दिसला नाही, असं मला सांगू नकोस. पाणी द्यायला तूच गेला होतास.

पाहुणे गेल्यावर मी त्यांची बॅग भरत तुझ्या नावाने बडबडत होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आपलं गाणं का नाही गं लागलं?" मी म्हटलं, ऐन वेळी स्पीकर बिघडला. त्यावर म्हणाले, "मग त्याला कशाला बोलतेस? परत आलो की उघडून बघतो."

रविवारी त्यांना आणून सोडते. तोवर स्पीकर खरोखरच बिघडवून ठेव. तेवढं तुला सहज जमेल.