सायलीचा नंबर लागेपर्यंत

९ जून, सोमवार
टाकलं एकदाचं नाव. ऑस्ट्रेलियाला. देवळाच्या पारावर बसून टाकलं, वाडीत नेटची रेंज तेवढ्याच जागी. मी शेजारी मिरच्यांची देठं खुडत बसले होते. सायली म्हणाली, "झालं." मी म्हटलं, "एवढंच?" पासपोर्टला केवढे हेलपाटे घातले होते पोरीनं, आणि हे बोटानं टकटक केलं की झालं.

व्हिसाचं नाव काम आणि सुट्टी. वर्षभर तिकडं राहायचं, हिंडायचं, खर्चापुरतं कुठंतरी काम करायचं. तरण्या पोरांनाच देतात. मागणारे फार म्हणून आधी चिठ्ठ्या काढतात. नाव निघालं तर खरा अर्ज. समोरची तारा, माझी धाकटी जाऊ, तिला सांगितलं तर म्हणते, "म्हंजे भिशी." तसंच. पण भिशीत सगळ्यांचा नंबर कधीतरी लागतोच.

वर तारा म्हणाली, "काम आणि सुट्टी? अक्का, आपल्याला तर जल्मापासून तोच विसा हाय. सुट्टीचा कागद तेवढा पोचला नाय." हसून हसून ठसका लागला मला.

लई आनंद झालाय. मिरच्या तशाच राहिल्या.

११ जून, बुधवार
वही सा.नं दिली. (सायली लिहायला बोटं दुखतात. सा. पुरे.) तिला इंग्रजीची परीक्षा द्यायचीय, म्हणून रोज दहा ओळी लिहिते. मला म्हणाली, "तू पण लिही आजी. चौथी पास ना तू?" म्हटलं, "चौथीत बसले होते. पास व्हायच्या आधी लग्न झालं." मग बसलो दोघी कंदील, नाही, बल्बखाली. जुनी सवय हाताला. ती विचार करून लिहिते, मी विचार न करता. माझं आधी होतं.

काय लिहू? सा. ही माझ्या विलासची थोरली. विलास नालासोपाऱ्याला. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारीला मुंबईला न्या. सा. म्हणाली, मी राहते आजीपाशी. महाडला एका हिशोबाच्या हाफिसात नोकरी धरली. सकाळच्या एस.टी.नं जाते, दिवेलागणीला येते. तिच्यामुळं माझं दार उघडं आहे. वाडीत बाकी बघावं तिकडं कुलपं.

१५ जून, रविवार
विलासचा फोन. "आई, तिला डोक्यावर चढवू नको." मग म्हणाला, "आणि एक ऐक. ती गेली की तू इकडं यायचं. घराला कुलूप. एकटीला तिथं ठेवणार नाय मी."
मी म्हटलं, "आधी नंबर तर लागू दे."

सा. तेव्हा विहिरीवर होती. तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. कळलं तर नाव मागं घेईल, मी ओळखते तिला.

नालासोपाऱ्याला एक पावसाळा राहिलेय मी. सून गुणाची. चहा हातात आणून देते, ताट उचलते, म्हणते आई तुम्ही बसा. बसले. बसून बसून शेवटी खिडकीतल्या कबुतरांशी भांडायला लागले. भांडण तरी कुणाशी करणार, सगळे चांगले.

तर असं आहे. तिचा नंबर लागला की माझं दार लागणार. आणि नंबर लागावा असं मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे, काय करू?

२४ जून, मंगळवार
माझ्यामुळं घोटाळा झाला.

पोलादपूरहून येताना एस.टी.त कापडे गावच्या एका बाईला सांगितलं, नात ऑस्ट्रेलियाला चाललीय. 'चाललीय' म्हटलं. आमच्याकडं मुंबईला जातो म्हणाला तो गेलाच, नाव टाकून वाट बघत बसलेला कोण बघितलाय? आज संध्याकाळी सा. घरी येते तर अंगणात बायका, पाच-सहा जणी, नारळ घेऊन. कुणी कोकमं आणली, कुणी उडदाचे पापड. तारानं कुंकू लावलं. गुरव आला गाऱ्हाणं घालायला. मुंबईच्या माणसाचं गाऱ्हाणं तो उत्तरेला तोंड करून घालतो. आज अडला. "काकी, ही ऑस्ट्रेलिया कुठल्या अंगाला?" शेवटी सा.नंच फोनमधलं होकायंत्र बघून हात केला, महाबळेश्वराच्या डोंगराकडं. गुरव तिकडं वळला आणि सगळ्या बाया पण वळल्या.

बायका गेल्यावर भडकली. "आजी, नुसतं नाव टाकलंय! नाही लागला नंबर तर मी तोंड कुठं दाखवू?"
मी म्हटलं, "पापड तरी चांगले आहेत."
तेव्हा हसली. पण रडतच हसली.

६ जुलै, रविवार
भाताची आवणी झाली! खालच्या खाचराची!

यंदा ते पडीक ठेवायचं ठरलं होतं, गुडघे नाही म्हणतात. पण सा. बोलता बोलता म्हणाली, पहिल्या वर्षी तिकडच्या शेतावर ठराविक काम केलं तर दुसरं वर्ष राहायला मिळतं. म्हटलं, अगो, मग इथं शिकून जा की! "तिकडे द्राक्षं तोडतात, आजी. भात कोण लावतंय?" "वाकायचं ते वाकायचंच गो."

तारा आली, खालच्या आळीच्या दोघी आल्या. आम्ही पण जाणार त्यांच्या शेतात, तशीच रीत आहे. सा. चिखलात दोनदा बसली. तिची ओळ वाकडी जायला लागली तशी तारा ओरडली, "पोरी, ही ओळ ऑस्ट्रेलियाला चालली काय गो?" मी बांधावर बसून रोपांच्या मुठी फेकत होते. सगळ्या गात होत्या, माझापण आवाज लागला. किती दिवसांनी.

संध्याकाळी तिला हातात चमचा धरवेना. मी भरवलं. सव्वीस वर्षांची घोडी.

१९ जुलै, शनिवार
सा. परीक्षेला मुंबईला गेलीय, बापाकडं उतरलीय. पुण्याचं केंद्र जवळ पडलं असतं, पण वरंधचा घाट बंद.

पाऊस एकसारखा. पत्र्यावर एवढा आवाज की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. बोलायचं तरी कुणाशी. टीव्हीचं रिचार्ज संपलंय, ते तीच करते. समोरून ताराचा खोकला येतो. आला की बरं वाटतं, घरात आहे म्हणजे. दुपारी बराच वेळ आला नाही तर मी छत्री घेऊन गेले. झोपली होती. मला म्हणाली, "काय गो अक्का?" म्हटलं, "काय नाय, मीठ हाय काय बघायला आले." मीठ घेऊन परत आले. घरी मिठाची बरणी भरलेली.

अशीच असेल मग वर्षभर. नाही पण. तेव्हा मी इथं असणारच नाही ना.

१३ ऑगस्ट, बुधवार
पहिली नावं निघाली म्हणे. तिच्या ओळखीतल्या पुण्याच्या एका पोरीचं निघालं. सा.चं नाही. अजून काढतील, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत केव्हाही निघू शकतं.

खरं लिहिते. ऐकल्याबरोबर माझ्या पोटात गार वाटलं. चुलीवर पाणी ठेवलं, हात चालायला लागले, मनात आलं, चला, गणपती इथंच. मग मागं बघितलं. ती दाराशी बूट घालून तशीच बसली होती, एस.टी. गेली तरी. तेव्हा ते गार वाटणं कुठल्या कुठं गेलं.

रस्त्यात जो तो विचारतो, "सायले, अजून हितंच?" नारळ दिलाय ना त्यांनी, विचारणारच. ती आता मागच्या वाटेनं जाते.

३० ऑगस्ट, शनिवार
गणपतीत भांडण. गणपतीसमोरच.

विलास, सून, नातू सगळे आलेत. वाडीतली सगळी दारं उघडी, पोरं, गाड्या, वरण उकळल्यासारखं वाटतं नुसतं. आणि आज विलासनं वरंधचं एक स्थळ काढलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घरची शेती. सा. म्हणाली, "नंबर लागेपर्यंत थांबा." विलास म्हणाला, "तुला कुणाची पडलीय? तू गेलीस की या घराला कुलूप लागणार, आई आमच्याकडं. तिला विचारलंस कधी?"

एवढं बोलून गेला. टाळ घेऊन पोरं उभी होती, ती तशीच.

सा. माझ्याकडं बघत राहिली. "तुला माहीत होतं?"
मी मोदकाची उकड मळत होते. मळतच राहिले.
"मग मी नाही जात."

तेव्हा मी ओरडले. पोरीवर कधी ओरडले नव्हते. म्हटलं, "खबरदार. माझ्यासाठी थांबलीस तर रोज सकाळी तुझ्या तोंडाकडं बघताना मला तेच दिसेल. त्यापेक्षा कबुतरं बरी." कबुतरांचं कुणाला काही कळलं नाही. सूनबाई तेवढी खाली बघून हसली. तिला माहीत आहे.

मग आरती झाली. आवाज कुणाचाच नीट लागला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
गेले सगळे. काल संध्याकाळपर्यंत गाड्या निघत होत्या. आज चिखलात नुसत्या चाकांच्या खुणा. आमच्या आळीत धूर दोनच घरांतून, माझा आणि ताराचा.

सा. माझ्याशी बोलते, पण मोजून. हाफिसातून येते, वही काढते, लिहीत नाही. मी लिहिते. ती बघते. आज म्हणाली, "एवढं काय असतं गं तुझ्याकडे लिहायला?" मी म्हटलं, "माझ्याकडं काहीच नाही, म्हणून तर." काय बोलले मलाच कळलं नाही. तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं मग.

२६ ऑक्टोबर, रविवार
भात कापलं. पाऊस हटायलाच तयार नव्हता, खालचा भाग आडवा झाला, तरी बराच हाताला आला. सा.चा विळा आता सपासप चालतो. पेंढी बांधते तीपण माझ्यासारखी, गाठ डावीकडं. मी शिकवली नाही, बघून उचललं.

तारा हळूच म्हणाली, "अक्का, हिला नको पाठवू. कामाची झालीय बघ."
मी म्हटलं, "म्हणूनच पाठवायची."
म्हटलं खरं. मग पाणी प्यायच्या निमित्तानं विहिरीकडं जाऊन उभी राहिले जरा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लागला!

मी खळ्यावर भात पाखडत होते, सा.ला आज रजा. पारावरून पळत आली, ओढणी कुठं, चप्पल कुठं. "आजी, नंबर! नाव निघालं!" मला उचललंच. सूप पडलं, दाणे सगळीकडं, कोंबड्यांची चैन. तारा आली, तिला पण उचलली, ती शिव्या देतेय, "ठेव गो रांडे खाली, हाडं मोडतील." आम्ही तिघी खळ्यात बसून हसत होतो. कशाला हसतोय ते मधेच विसरलो.

आता खरा अर्ज. कागद, फोटो, छातीचा एक्स-रे. तो मंजूर झाला की मग जायचं. नाकारूपण शकतात, सा. म्हणते, पण म्हणताना तोंड हसतं तिचं.

देवाला साखर ठेवली. माझी नात. मी एकटीनं कधी पुण्याला गेले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
अर्ज गेला. विलासचा फोन आला, आवाज मऊ होता. पोरीशी बराच वेळ बोलला. स्वेटर कुठला घ्यायचा ते सांगत होता, तिकडं तर उन्हाळा आहे म्हणे. मग मला. "आई, आता तू पण आवराआवर सुरू कर. भांडी ताराकाकीकडं ठेव."

मी हूं म्हटलं.

फोन ठेवला आणि भांड्यांकडं बघत बसले. यांनी एकेका शिमग्याला एकेक आणलेली. हे मुंबईला, मी इथं, अख्खा संसार असाच झाला. तेव्हा मला कुणी म्हटलं नाही, एकटीला ठेवणार नाय. तेव्हा ठेवली की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सा. मुंबईला गेली, एक्स-रे आणि बोटांचे ठसे द्यायला. सकाळी तिची एस.टी. वळणापलीकडं गेली, मी तशीच खालच्या खाचरात उतरले. माती मुठीत घेऊन दाबली. ओल आहे अजून.

घरात वालाचं बी होतं. शेजारच्या आळीतल्या नांगरवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "काकी, तुमी तर मुंबईला चाललाव ना?" मी म्हटलं, "तू नांगर घाल." मागोमाग दाणे टाकत गेले. बसत, उठत. गुडघ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. दुपार टळली तेव्हा सगळं खाचर पेरून झालं होतं. बांधावर भाकरी खाल्ली. कुणी नव्हतं, वारा होता.

३० नोव्हेंबर, रविवार
विलासला सांगितलं. म्हटलं, "वाल पेरलेत."
"कशाला?"
"खायला."
"आई, वाल बाजारात मिळतात."
"मिळतात. पण हे निघेपर्यंत मला हलता येत नाय. शिमगा येईल."
"आणि शिमग्यानंतर?"
"मग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असतो. मग पेरणी."
फोनमधून नुसता नालासोपाऱ्याचा गोंगाट. मी पण ठेवला नाही, तो पण नाही. मग म्हणाला, "तब्येतीचं काय? पडलीस तर?"
म्हटलं, "तारा हाय." तारा माझ्याहून जास्त खोकते, ते त्यालाही माहीत आहे.
"आई, मी येतो शनिवारी. समोरासमोर बोलू." चिडून नाही म्हणाला. दमून म्हणाला.

सा. अजून बापाकडंच होती, तिनं फोन घेतला. व्हिसाचं अजून काही नाही, कळेल तेव्हा कळेल. म्हणाली, "आजी, खरंच राहशील? एकटी?" मी म्हटलं, "तू खरंच जाशील? एकटी?" मग तीच म्हणाली, "जाईन." मी म्हटलं, "मग झालं तर."

शनिवारी विलास येईल. येऊ दे. त्याला वडे घालीन. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

वालाला अजून कोंब नाही. सकाळी उजाडता उजाडता मोर उतरतात डोंगरावरून, दाणे उकरायला. हाकायला कुणीतरी पाहिजेच. उद्या लवकर जायचं.